फाँगताईंचा परवाना आणि माझा विजय

माझं नाव सेतो विंग-केई. उभा जन्म बसच्या डेपोत, दुमजली गाड्यांखाली उताणं पडून ब्रेक तपासण्यात गेला. मी पास केलेल्या एकाही गाडीने उतारावर दगा दिला नाही, आणि त्यामुळे मला असं वाटायला लागलं की माझ्या नजरेतून जगातलं काहीच सुटत नाही. बायको सौहा म्हणते, हा आजार लग्नाच्या आधीपासूनचा आहे, डेपोला उगाच बोल लावू नये.

गोष्ट मात्र माझी नाही, फाँगताईंची आहे. मी गोष्टीत येतो तो एवढ्यासाठी, की एक अतिशहाणा मध्ये असल्याशिवाय ती पुढे सरकत नाही.

शहरातल्या ‘तो क्वा वान’ नावाच्या वस्तीत, आमच्या रस्त्यावर, कडू काढ्याचं दुकान आणि किल्ल्या बनवणारा यांच्यामधल्या फटीत फाँगताईंची घरांची एजन्सी होती. फट म्हणतोय ते उगाच नाही. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि दाराशी जमिनीच्या देवाचा तांबडा देव्हारा. तिसरं गिऱ्हाईक आलं की फाँगताई स्वतः उठून बाहेर उभ्या राहायच्या. काचेवर विकाऊ घरांचे कागद इतके चिकटवलेले की आतून रस्ता दिसायचा नाही. खरं नाव माक यिन-फाँग, पण शाळकरी पोरापासून भाजीवाल्या आजीपर्यंत सगळे फाँगताईच म्हणायचे.

तरुणपणी त्या सान पो काँगच्या कारखान्यात जीनच्या चेन शिवायच्या. कारखाना स्वस्त मजुरीसाठी सीमेपलीकडे गेला, बाई इकडेच राहिली, कारण घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. चाळिशी उलटलेल्या, शाळा अर्धवट सोडलेल्या बाईला कोण काम देणार? कोणीतरी म्हणालं घरं विकायची परीक्षा दे. दोनदा नापास झाल्या. तिसऱ्यांदा कायद्याची कलमं वहीतून फाडून संडासाच्या दारावर आतून चिकटवली आणि पाठ केली. आई म्हणायची, हिला एवढा वेळ आत लागतो म्हणजे पोट बिघडलंय, आणि त्यांना भाताची पेज करून द्यायला शेजारणीला सांगायची. पास झाल्या तेव्हा परवान्याचं कार्ड गळ्यात आलं. फोटोत त्या घाबरलेल्या दिसतात. ते कार्ड त्या सहसा काढत नसत. माशाच्या बाजारातही ते गळ्यात लोंबत असायचं, आणि मासेवाला म्हणायचा, ताई, कार्ड आत घाला, मासे घाबरतात, त्यांना वाटतं त्यांची जागा विकायला आलात.

आमच्याकडच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. फाँगताईंचे गुडघे या जिन्यांनीच खाल्ले. गिऱ्हाईक वर पोचून खिडक्या उघडून बघत असायचं आणि ताई दुसऱ्या मजल्यावरूनच ओरडून सांगत असायच्या की डावीकडची खिडकी जोरात लावू नका, बिजागरी ढिली आहे. असं सगळं आधीच सांगून टाकणारी बाई अशीच तिची ख्याती होती. म्हणून मी त्यांच्याकडे गेलो.

आम्ही डोंगरापलीकडचं आमचं छोटं घर विकून शहरात यायचं ठरवलं होतं. सौहाला रुग्णालय जवळ हवं होतं आणि मला चहाघर. फाँगताईंनी तिसऱ्या मजल्यावरची एक जागा दाखवली. दोन खोल्या, उजेड चांगला, खिडकीतून समुद्राची चिंधी दिसते. मी कामाला लागलो. नळ सोडले, बंद केले. भिंतींवर टकटक केलं. गोटी जमिनीवर सोडून उतार पाहिला. संडासाची टाकी इतक्या वेळा ओढली की खालच्या मजल्यावरून कोणीतरी वर विचारायला आलं. फाँगताई माझ्यामागे विजेरी धरून फिरत होत्या आणि मी जिथे बोट दाखवीन तिथे उजेड पाडत होत्या.

आता एक विचारायचं राहिलं होतं. घर बघताना ते विचारावंच लागतं, आणि घरात उभं राहून ते तोंडातून काढायचंही नसतं. नव्या घरात पाऊल टाकल्यावर अभद्र शब्द उच्चारला की तो तिथेच मुक्काम करतो, असं सौहाचं मत. म्हणून आमचं घरूनच ठरलं होतं: विचारायचं मी, आणि त्या वेळी तिने जिन्यात जाऊन उभं राहायचं, म्हणजे तो शब्द तिच्या कानावर पडणार नाही आणि पाप एकट्या माझ्या डोक्यावर बसेल. ती मुकाट्याने जिन्यात गेली. मी फाँगताईंना स्वयंपाकघरात गाठलं, नळावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणालो, "ताई, इथे कोणी... म्हणजे, कोणी आपल्या हाताने... तसलं काही झालेलं नाही ना?"

"नाही हो काका," फाँगताई म्हणाल्या. "तसलं काही नाही झालेलं इथे."

बोलताना त्या माझ्याकडे न बघता नळाकडे बघत होत्या. माझ्यातल्या ब्रेक-तपासनीसाने लगेच निष्कर्ष काढला: नळ ठिबकतोय, आणि तो माझ्या लक्षात आलाय हे बाईला कळलंय. मी त्या ठिबकणाऱ्या नळावर भाव पाडायला सुरुवात केली. नळ, मग भिंतीची ओल, मग जिन्याचा वास. दर वेळी फाँगताई फोन करायला बाहेर जायच्या आणि परत येऊन पडेल आवाजात सांगायच्या की मालकीण तयार आहे. शेवटी बाजारभावापेक्षा मी इतकं खाली आणलं की मलाच स्वतःचा धाक वाटायला लागला. वर कर्ज न काढता रोख व्यवहार केला. बँकेचं तोंड बघावं लागलं नाही याचा मला कोण अभिमान. बँकेकडे अशा घरांची माहिती असते, आणि तिथल्या कारकुनाने एका मिनिटात मला सगळं सांगितलं असतं, हे पुढे कळलं.

नव्या घरात गेल्यावर रोज सकाळी कोपऱ्यावरच्या चहाघरात माझी भावपाडीची गोष्ट सुरू झाली. पहिल्या आठवड्यात गोष्टीत फाँगताई नुसत्या गप्प झाल्या होत्या. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. महिनाभरात त्या माझ्यासमोर रडून "काका, माझ्या पोटावर पाय देऊ नका" म्हणायला लागल्या. ऐकणाऱ्यांत जाडा लाउ असायचा. हा माझा माजाँगच्या डावातला जोडीदार, पूर्वी कोळंबी वाळवायचा, आता नुसता खातो. तो दर वेळी अननस-पाव तोंडात कोंबून शांतपणे ऐकायचा. एका सकाळी मी फाँगताईंना गुडघ्यावर आणण्याच्या बेतात होतो, तेव्हा त्याचा पाव संपलेला होता.

"सेतो," तो म्हणाला, "ती जागा दोन वर्षं पडून होती. कोणी फुकट घेत नव्हतं."

"का?"

"पांगआजोबांनी जीव दिला ना तिथे. अख्ख्या रस्त्याला माहीत आहे. आम्हाला वाटलं तुला माहीत आहे आणि तू भुताला भीत नाहीस. आम्ही तुझं कौतुक करत होतो."

टेबलावरचं कोणीच हसलं नाही, हे जास्त वाईट होतं. त्यांनी चहात तोंडं घातली. मी उठलो, पैसे ठेवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुटे परत न घेता बाहेर पडलो.

खोटं कशाला बोलू, मला भुताची भीती वाटली नाही. मला लाज वाटली. महिनाभर मी ज्या भावपाडीचे ढोल बडवत होतो ती भावपाडी नव्हतीच. मी मागेन त्या भावाला ते घर कोणाच्या तरी गळ्यात मारायचंच होतं, आणि तो गळा मी स्वतः पुढे केला होता. सौहाची गोष्ट वेगळी. तिने ऐकलं आणि कपडे भरायला घेतले. "म्हाताऱ्या, नळाची वायसरं मोजलीस आणि माणूस मेलेला दिसला नाही तुला," एवढंच म्हणाली आणि तुन मुनला बहिणीकडे निघून गेली.

मी फाँगताईंच्या दुकानात शिरलो. म्हणजे अर्धा शिरलो, कारण आत दोन गिऱ्हाइकं होती. मग दारात उभा राहूनच, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, माणूस मेलेल्या घरात गिऱ्हाइकाला ढकलणाऱ्या एजंटांबद्दल भाषण केलं. फाँगताईंनी फक्त गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं. त्याच दुपारी मी परवाना देणाऱ्या मंडळाकडे लेखी तक्रार दिली: मी स्वयंपाकघरात स्पष्ट विचारलं, त्या स्पष्ट नाही म्हणाल्या. तक्रारीतला प्रत्येक शब्द खरा होता. मंडळाच्या बाईने सांगितलं की चौकशी होईल, सुनावणी लागेल, आणि आरोप खोटं बोलण्याचा असल्याने परवाना जाऊ शकतो. मी म्हणालो, जायलाच हवा.

पुढचे महिने मी त्या घरात एकटा राहिलो. भीत नाही हे दाखवायला दुसरा उपाय नव्हता. रेडिओ चालू ठेवून झोपायचो, पण ते घोड्यांच्या शर्यतींसाठी, असं मी स्वतःला सांगायचो. शर्यतींतलं मला काही कळत नाही. सौहा फोनवर रोज एकच विचारायची, घर कधी विकतोस.

तेव्हा मी विकायला निघालो. मोठ्या रस्त्यावर एक चकचकीत एजन्सी आहे, तिथे गेलो. सुटातला एक तरणा एजंट पुढे आला. मी आडवळणाने विचारलं, त्या घराबद्दल गिऱ्हाइकाला सगळंच सांगावं लागतं का? तो हसून म्हणाला, काका, आपण होऊन कशाला सांगायचं, कोणी विचारलंच तर बघू. आणि मला केवढं बरं वाटलं. मनात म्हटलं, पोरगा व्यवहारी आहे, पुढे जाईल. घरी येऊन बूट काढेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की ज्या गोष्टीसाठी मी एका बाईला मंडळापुढे ओढलं होतं, तीच गोष्ट मी आत्ता हात जोडून विकत मागितली होती. लक्षात आलं तेव्हा मी एक बूट घालून, एक हातात घेऊन बराच वेळ बसलो.

पण त्या पोराचाही उपयोग झाला नाही. गिऱ्हाईक यायचं, इमारतीचं नाव ऐकायचं आणि म्हणायचं, म्हणजे तेच घर ना, ते म्हातारे काका ओरडत होते ते? अख्ख्या भागात मी माझ्या घराची इतकी जाहिरात केली होती की आता ते कोणाला लपूनछपून विकायचीही सोय राहिली नव्हती. फाँगताईंनी एका माणसापासून लपवलं, मी ते सगळ्या वस्तीला ओरडून सांगितलं, आणि बुडालो मीच.

मग मी जिथे जायला नको तिथे गेलो. सुनावणी अजून व्हायची होती, परवाना अजून त्यांच्या गळ्यात होता. दुकान रिकामं होतं, म्हणून मला खुर्ची मिळाली. फाँगताईंनी गरम पाणी पुढे ठेवलं. मी म्हणालो की घर तुम्हीच विका, तुम्हाला बाहेरगावची गिऱ्हाइकं माहीत आहेत. थोडं गुपचूप करा. मी मंडळात जाऊन सांगेन की मी तसा प्रश्न विचारलाच नव्हता. प्रश्न नाही, तर खोटं उत्तरही नाही. तुमचा परवाना वाचेल, माझं घर विकलं जाईल.

हे बोलताना मला वाटत होतं मी फार उदार झालोय. फाँगताईंनी मला बोलू दिलं.

"घर विकीन," त्या म्हणाल्या. "पण येणाऱ्या गिऱ्हाइकाला जिन्याच्या खालच्या पायरीवरच सांगीन की वर काय झालंय. मग ज्याला चढायचं तो चढेल."

"असं सांगून कोणी चढेल?"

"नाही चढणार बहुतेक."

"मग मला का नाही सांगितलंत तेव्हा?" मी खवळलो. "माझ्याच वेळी तुमची जीभ कशी अडकली?"

त्यांनी माझ्या पेल्यात आणखी गरम पाणी ओतलं. मग पांगआजोबांचं सांगायला लागल्या. म्हातारे जहाजावर स्वयंपाकी होते. त्या घरात भाड्याने राहायचे. फाँगताईंची आई अंथरुणावर असताना रोज संध्याकाळी खाली ताईंच्या घरी येऊन तिला माशाचं सूप द्यायचे, हाडं काढून, कारण ताई तेव्हा जिने चढत असायच्या. आई गेल्यावरही सूप येत राहिलं. एके दिवशी आलं नाही, म्हणून ताई वर गेल्या. दार त्यांनीच उघडवलं. नंतर काय झालं ते सांगताना त्यांचा आवाज चिडका झाला. ज्यांनी वर्षानुवर्षं म्हाताऱ्याच्या हातचं खाल्लं, तेच लोक दुसऱ्या दिवशी त्या इमारतीखालून जाताना रस्ता ओलांडायला लागले. पांगआजोबांचं नावसुद्धा कोणी घेईना. त्या घरातलं ते, असं म्हणायचे.

"वाटलं, कोणीतरी एकजण तिथे त्यांना न भिता राहावा," फाँगताई म्हणाल्या. "तुम्ही आलात, गोटी सोडत बसलात. वाटलं, हा माणूस राहील."

मला वाईट वाटलं. आणि माझ्यासारख्या माणसाला कोणीतरी निवडलं होतं याचं, काय सांगू, थोडं बरंही वाटलं. माझा स्वभाव असा आहे.

तक्रार मागे घ्यायला गेलो तर मंडळाची बाई म्हणाली की एकदा आलेली तक्रार मागे घेता येत नाही. साक्षीला यावंच लागेल. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की साक्षीत खोटं बोलायचं. उभ्या आयुष्यात एका परवान्यासाठी एकदाच.

सुनावणीची खोली इतकी थंड होती की अध्यक्षांनी खांद्यावर शाल घेतली होती. ती एक बाई होती, पिकल्या केसांची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बाजूला दोन सदस्य. समोर एका टेबलाशी फाँगताई, ठेवणीतला कोट घालून, कार्ड नीट सरळ करून. वकील आणला नव्हता. मला विचारलं, तेव्हा मी आरशासमोर घोटलेलं वाक्य म्हणून टाकलं: मी नळाबद्दल विचारलं, ओलीबद्दल विचारलं, मृत्यूबद्दल विचारलं नाही.

अध्यक्षबाईंनी माझी तक्रार उचलली, वाचली, खाली ठेवली.

"इथे लिहिलंय की तुम्ही स्पष्ट विचारलं. आज म्हणता विचारलंच नाही. यातलं एक खोटं आहे, सेतोसाहेब. मंडळापुढे खोटी तक्रार करणं हा गुन्हा होऊ शकतो. नीट आठवून सांगा."

मी आठवण्याचं नाटक केलं. तेही मला येत नाही. घाम फुटला, त्या गारठ्यात. म्हणालो की माझं वय झालंय, गोंधळ होतो. एका सदस्याने विचारलं, मग तुम्ही नळाची वायसरं किती हे तक्रारीत कसं काय लिहिलंत? मी फाँगताईंना वाचवायला आलो होतो आणि आता मलाच कोणीतरी वाचवावं अशी वेळ आली होती.

फाँगताई उभ्या राहिल्या. बोलायची परवानगी मागितली.

"काकांनी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरात. नळावर हात ठेवून, हळू आवाजात. मी नाही म्हणाले. मला माहीत होतं. मेलेल्या माणसाला पहिल्यांदा मीच पाहिलं होतं. यांची तक्रार खरी आहे. आज हे जे बोलले ते माझ्यासाठी बोलले, ते लिहून घेऊ नका."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. खोटं का बोललात, असं विचारलं.

मी मनात म्हणत होतो, सूप सांग, आई सांग, लोक रस्ता ओलांडायचे ते सांग. अध्यक्षबाई स्वतः म्हाताऱ्या आहेत, विरघळतील.

"त्या महिन्यात माझा एकही व्यवहार झाला नव्हता," फाँगताई म्हणाल्या. "हे एक. दुसरं, जो गेला तो माणूस चांगला होता आणि मला वाटलं त्याच्या घरात कोणीतरी न घाबरता राहावं. पण कोणी न घाबरता राहावं, हे ठरवणारी मी कोण? घाबरायचं की नाही ते यांनी ठरवायचं होतं. यांनी माझ्यावर भरवसा टाकून विचारलं आणि मी नळाकडे बघत उत्तर दिलं."

त्या बसल्या. कार्ड गळ्यातून काढलं आणि कोणी मागायच्या आत टेबलावर ठेवलं. अध्यक्षबाई म्हणाल्या की निर्णय व्हायचाय, ते अजून काढायची गरज नाही. फाँगताईंनी ते परत घातलं, पण मला दिसलं की दोरी मानेमागे अडकवताना त्यांचे हात थरथरत होते. चहाघरात मी महिनाभर हेच हात थरथरवत होतो. खरे थरथरताना बघवले नाहीत.

बाहेर लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, ताई, माझं चुकलं. त्या उसळल्याच.

"जन्मभर ब्रेक तपासलेत तुम्ही. एवढ्या लोकांचा जीव तुमच्या शब्दावर होता. आणि आज म्हातारपणी खोटं बोलायला निघालात? तेही धड येत नाही. तुरुंगात गेला असतात तर सौहाताईंना मी काय सांगणार होते?"

खाली येईपर्यंत त्या मला रागावत होत्या आणि मी हो हो म्हणत होतो. बऱ्याच दिवसांनी मला कोणीतरी घरच्यासारखं रागावलं होतं.

निर्णय आला. ठपका, दंड आणि परवाना वर्षभरासाठी बंद. खरं सांगितलं म्हणून कायमचा गेला नाही, असं त्यात लिहिलं होतं. फटीचं भाडं वर्षभर भरणं शक्यच नव्हतं. फाँगताईंनी काचेवरचे कागद एकेक करून खरवडले, देव्हारा फडक्यात बांधून घरी नेला, आणि तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा आला. काच स्वच्छ झाल्यावर पहिल्यांदाच आतून रस्ता दिसत असेल.

सौहा परत आली. भुताची भीती कमी झाली असं नाही, पण बहिणीची सून भुतापेक्षा वाईट निघाली. आल्याबरोबर तिने स्वयंपाकघरात पांगआजोबांसाठी तीन उदबत्त्या लावल्या आणि त्यांना बजावलं की राहायचं तर राहा, पण माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही. घर विकायचं आम्ही सोडून दिलं.

मी बरेच दिवस चहाघरात गेलो नव्हतो. निकालाचं कळल्यावर जाडा लाउ मला ओढून घेऊन गेला. तू जिंकलास, सेतो, म्हणाला, आणि जिंकलेल्याने सगळ्यांना चहा पाजायचा असतो. टेबल भरलेलं होतं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. एजंटांना असंच सरळ करायला हवं, कोणी म्हणालं, बाईची चांगली खोड मोडलीस. मी महिनाभर सांगितलेली सगळी गोष्ट मला आठवत होती, आणि एकही वाक्य सांगावंसं वाटत नव्हतं.

चहा घेऊन फाँगताई आल्या.

कपाळावर चहाघराची निळी टोपी, कमरेला ओला ॲप्रन. त्या आठवड्यापासून त्या तिथे कामाला लागल्या होत्या. कोणाला माहीत नव्हतं असं नाही, फक्त मलाच कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांपुढे कप ठेवले, माझ्यापुढेही. गळा मोकळा होता, आणि त्यांचा हात मधूनमधून तिथे जाऊन रिकामा परत येत होता.

"दुसरं काय देऊ?" त्यांनी मला विचारलं.

सगळ्यांना अंड्याचे टार्ट दे, असं जाड्या लाउने माझ्या वतीने सांगून टाकलं. फाँगताईंनी गल्ल्याकडे पाहिलं. मालक तिथेच बसला होता, ऐकत होता.

"टार्ट कालचे आहेत," त्या म्हणाल्या. "सकाळी नुसते गरम केलेत. कोणी विचारलं नाही, तरी सांगते."

मालकाने घसा खाकरला. जाड्या लाउने माझ्याकडे पाहिलं, बाकीच्यांनी कपांत. मला त्या बाईपुढे इतकी लाज वाटली, आणि तिचा इतका अभिमानही, की दोन्ही कुठे ठेवावं ते कळेना.

"ताई," मी म्हणालो, "तेच द्या."

त्यांनी आणले. तळाशी मऊ पडलेले होते. मी एकेक करून सगळे खाल्ले, आणि टेबलावरच्या कोणी जिंकण्याचा विषय परत काढला नाही.